पदरचं वाक्य

हौशी नाट्यसंस्थेत एक माणूस हमखास असतो. लग्नात, सहलीत, निरोप समारंभात माईक हातात आला की तो अर्धा तास सगळ्यांना हसवतो. तालमीत इम्प्रोव्हायझेशनचा, म्हणजे लिहिलेल्या संवादांशिवाय उत्स्फूर्त अभिनय करण्याचा, विषय निघाला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात, आणि पहिल्याच सरावात सगळ्यात मोठी अडचण होते ती त्याचीच. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत याचं उत्तर तयार असतं. ते विनोदी असतं, हशा येतो आणि प्रसंग जागच्या जागी थांबतो. मग पुढे काय करायचं ते कुणालाच सुचत नाही, म्हणून तो आणखी एक विनोद करतो. चार मिनिटांत समोरच्या नटाचा प्रेक्षक झालेला असतो. त्याच मंडळात एखादी बालवाडीची शिक्षिका असते, तालमीला कडेला बसणारी. ती कमी बोलते, पण आधीच्या वाक्याला धरून बोलते, आणि तिच्या दोन वाक्यांत प्रसंग पुढे सरकतो.

हजरजबाबीपणा ही एकट्याची करामत आहे, उत्स्फूर्त अभिनय हे दोघांचं काम आहे. पहिली गोष्ट बऱ्याचदा उपजत असते. दुसरी शिकवता येते, आणि बँकेतून, शाळेतून, दुकानातून सुटून साडेसातला तालमीला येणाऱ्या माणसांनाही ती दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी येते. मात्र त्यासाठी एक लाडका गैरसमज सोडावा लागतो. काहीच ठरवलं नाही की माणूस मोकळा होतो आणि मोकळा झाला की त्याला सुचतं, असा तो गैरसमज. प्रत्यक्षात काहीच ठरलेलं नसलं की नवखा नट घाबरतो, आणि घाबरलेला माणूस जुनेच चुटके काढतो.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंत सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या पेडण्याकडच्या देवळांच्या जत्रांत दशावतारी नाटकं होतात. त्यांचे संवाद कुणी लिहून दिलेले नसतात. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, रंग लावता लावता कथा सांगितली जाते, राजा कोण, राणी कोण, ऋषी कोण हे वाटून दिलं जातं आणि मंडळी मंचावर जातात. सामान म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच आश्रमातलं आसन. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. रात्री उशिरा उभं राहिलेलं नाटक पहाटे दहीकाल्यापर्यंत चालतं, आणि त्यातले राजा-राणीचे वाद, धर्म मोठा की वचन मोठं असल्या प्रश्नांवरच्या चकमकी, सगळं तिथल्या तिथे घडतं.

पाहणाऱ्याला वाटतं, यांचं काहीच ठरलेलं नाही. आता ठरलेल्या गोष्टी मोजून पाहा. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, वेद पळवणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू, ही मांडणी ठरलेली. राजाने प्रवेश केल्यावर आपण कोण, कुठले, इथे का आलो हे सांगायचं, तेही ठरलेलं. पद कुठे घ्यायचं, युद्धाच्या वेळी ठेका कसा चढवायचा, नटाने कुठली खूण केली की पेटीवाल्याने स्वर धरायचा, हे मुरलेलं. भाषासुद्धा वाटून दिलेली असते. राजे आणि ऋषी ग्रंथी, संस्कृतप्रचुर मराठीत बोलणार. काळ्या वेशातला संकासुर मालवणीत बोलणार आणि गावातल्या ताज्या भानगडी उकरणार. शिवाय नटाच्या पोटात साठा असतो. हरिविजय, पांडवप्रताप यांसारख्या पोथ्या, पुराणकथा, ऐकून ऐकून पाठ झालेली जुन्या नटांची वळणं. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही कथा ठाऊक असते, त्यामुळे नातं चुकलं की ते तिथल्या तिथे पकडतात. एवढं सगळं पक्कं असतं, म्हणून वाक्य मोकळं राहू शकतं. तमाशातल्या बतावणीचंही, म्हणजे विनोदी संवादांच्या भागाचंही, असंच आहे. कोण शहाणा आणि कोण येडा हे ठरलेलं, गोष्टीचं वळण ठरलेलं, चिमटे मात्र त्या दिवशीचे, त्या गावचे.

हौशी मंडळाकडे पोथ्यांचा साठा नसतो आणि वीस वर्षं एका बाकड्यावर बसलेले सहकारी नसतात. त्यांच्यासाठी मधली वाट विसाव्या शतकात अमेरिकेत निघाली, तीही हौशी लोकांमधूनच. व्हायोला स्पोलिन या बाईंनी शिकागोत १९३९ च्या सुमारास सरकारी करमणूक प्रकल्पात वस्तीतल्या मुलांना आणि मोठ्यांना नाटक शिकवताना खेळ रचायला सुरुवात केली. त्यातले पुष्कळ जण दुसऱ्या देशांतून आलेल्या घरांतले. त्यांना अभिनयाचं शास्त्र समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून स्पोलिनबाईंनी प्रत्येक कौशल्याला एक नियम लावला आणि त्याचा खेळ केला. लक्ष नियमावर गेलं की माणूस लाजायचं विसरतो, एवढंच त्यामागचं गुपित. पुढे त्यांच्या मुलाने, पॉल सिल्सने, १९५९ मध्ये सेकंड सिटी ही मंडळी उभी करण्यात भाग घेतला आणि हे खेळ धंदेवाईक विनोदी रंगमंचावर गेले. मूळ मात्र वस्तीतल्या सभागृहात आहे. आपल्याकडे शिबिरांतून हे खेळ घेतले जातात तेव्हा ते नटांना गरम करण्यापुरते वापरून टाकतात, हे त्यांचं अवमूल्यन आहे.

सरावाला दहा ते चौदा माणसं बरी. सहाच्या खाली गेलं की तेच तेच जोड बनतात, सोळाच्या वर गेलं की निम्मे जण मोबाईल काढतात. आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास, असे आठ आठवडे धरा. खुर्च्या भिंतीला, मधली जागा पंधरा बाय वीस फूट तरी मोकळी. शाळेचं सभागृह मिळालं तर उत्तमच, पण पंखे बंद करून बघा आवाज किती घुमतो ते. घुमणाऱ्या जागेत ऐकण्याचा सराव होत नाही, लोक ओरडायला लागतात. सुरुवातीला एक वाक्य सगळ्यांसमोर ठरवून घ्यायचं: "थांब" म्हटलं की प्रसंग थांबणार, कारण विचारायचं नाही. संहितेत थप्पड असते तेव्हा ती बसवली जाते. इथे ती अचानक येऊ शकते, म्हणून मारणं, ढकलणं, अंगाला हात लावणं हे आधी विचारल्याशिवाय नाही. मंडळात नव्याने आलेल्या मुली दुसऱ्या आठवड्यात का येत नाहीत, याचं उत्तर अनेकदा हा नियम नसण्यात असतं.

पहिले दोन आठवडे फक्त ऐकण्यावर घालवावेत. मंडळी कुरकुरतात, कुरकुरू द्यावं. सगळ्यात उपयोगी सराव साधा आहे. दोघं बोलतात, आणि समोरच्याचं वाक्य ज्या शब्दावर संपलं त्याच शब्दाने आपलं वाक्य सुरू करायचं. "आज दूध नासलं." "नासलं म्हणजे तू फ्रीज बंद केला होतास." "होतास काय म्हणतेस, तूच बटण दाबलंस." ऐकायला पोरखेळ वाटतो, पण मराठीला हा खेळ फार मानवतो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि होकार-नकारही शेवटी. "मी तुझ्या मुलीच्या लग्नाला येणार" इथपर्यंत ऐकून जो उत्तर जुळवायला लागला, त्याला मागून आलेलं "नाही" ऐकूच येत नाही. तो "या, या, मुहूर्त अकराचा आहे" म्हणतो, आणि प्रेक्षकांना कळतं की या नटाचं लक्ष नाही. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या झाल्या की खोलीतला वेग आपोआप कमी होतो. तो कमी झालेला वेग हेच या सरावाचं फळ. इथे चूक एकच होते: लोक शब्द पकडतात आणि अर्थ सोडतात. म्हणून चौथ्या फेरीत शब्दाचा नियम काढायचा आणि त्याऐवजी प्रत्येकाने बोलण्याआधी एक श्वास घ्यायचा, एवढंच ठेवायचं.

नंतर येतो स्वीकार. समोरच्याने जे सांगितलं ते खरं धरायचं आणि त्यात आपली भर घालायची. जगभर हा पहिला धडा समजला जातो आणि जगभर तो चुकीचा समजला जातो. एक प्रसंग घेऊ: वाटणी. थोरला भाऊ, धाकटा, थोरली वहिनी आणि ओट्यावर कागद घेऊन बसलेले तलाठी. धाकटा म्हणतो, "दादा, मी माझा हिस्सा विकला." थोरला जर म्हणाला, "कसला हिस्सा? आपली जमीनच नाही," तर हशा येईल आणि धाकट्याच्या हातात काही उरणार नाही. तो म्हणाला, "बरं केलंस," तरी प्रसंग मेला, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पात्राने होकार द्यायचा नसतो, नटाने वस्तुस्थिती मान्य करायची असते. "विकलास? आणि विहीर कुणाच्या गटात गेली?" हे चांगलं वाक्य आहे. विक्री मान्य केली, भांडण पेटवलं आणि विहीर नावाची एक नवी गोष्ट ओट्यावर आणून ठेवली. आता वहिनीला बोलायला जागा झाली, तलाठ्याला सातबारा उलटायचं कारण मिळालं. सरावात प्रत्येक वाक्यानंतर थांबवून विचारावं: या वाक्याने काय मान्य केलं आणि काय नवीन आणलं? दोन्हींची उत्तरं देता आली की वाक्य चाललं. नवीन गोष्ट एका वेळी एकच. विहीर, बोअर, बँकेचं कर्ज आणि बहिणीचा हक्क हे सगळं पहिल्या मिनिटात आणणारा नट हुशार असतो, पण पुढच्या नऊ मिनिटांत त्यातलं एकही सुटत नाही.

पहिल्या तीन वाक्यांत कोण, कुठे आणि काय चाललंय हे कळलं पाहिजे, असा एक व्यवहारी नियम आहे. मराठी नटाला हे फुकटात मिळतं आणि तो ते वाया घालवतो. नुसतं "वहिनी" म्हटलं की अर्धं घर उभं राहतं. "अहो", "अगं", "रे", "साहेब", "बाय", "मालक", एकेका हाकेत वय, नातं, गाव आणि कुणाचं कुणावर चालतं ते येतं. तरी नवखी जोडी सुरुवात करते "नमस्कार, कसे आहात?" अशी, आणि दोन मिनिटं आपण कोण हेच चाचपडत राहते. यावर उपाय म्हणजे हाकेने सुरुवात करण्याची सक्ती. पहिला शब्द हाक, त्याच वाक्यात हातातलं काम. "तात्या, ती शिडी धरा आधी." झालं, दोघांना उभं राहायला जमीन मिळाली.

इथूनच पुढे मानाचा आणि दबावाचा खेळ सुरू होतो. नाट्यदिग्दर्शक कीथ जॉनस्टन यांनी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये नटांबरोबर काम करताना एक गोष्ट पकडली: दोन माणसं बोलत असतात तेव्हा एक थोडा वर असतो आणि एक थोडा खाली, आणि ही पातळी सतत हलते. नटाला "तुला राग आलाय" असं सांगण्यापेक्षा "त्याच्यापेक्षा किंचित वर राहा" असं सांगितलं की प्रसंग जिवंत होतो. सरावासाठी पत्त्यांचा कॅट पुरतो. दुर्री ते राजा अशी एकाच रंगाची बारा पानं घ्यायची, प्रत्येकाने न बघता एक पान कपाळावर धरायचं, म्हणजे ते इतरांना दिसतं आणि स्वतःला दिसत नाही. जागा: लग्नाचा हॉल, पंगत बसायच्या आधीची दहा मिनिटं. राजाला खुर्ची मिळते, तिर्रीला पाण्याच्या जगसाठी पाठवलं जातं. शेवटी सगळ्यांनी आपापल्या अंदाजाने ओळीत उभं राहायचं. बहुतेक जण आपली जागा अचूक ओळखतात. चुकतात ते मधले, पाच-सहा-सातवाले, कारण मधल्या माणसाशी कसं वागायचं ते लोकांनाच नक्की माहीत नसतं. नाटकातली निम्मी पात्रं याच मधल्या पानांची असतात.

हौशी मंडळात या खेळाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. अध्यक्ष पासष्टीचे, वीस स्पर्धा केलेले. समोर कॉलेजातला मुलगा. प्रसंगात तो त्यांचा मालक असला तरी तोंडचं "काका, तुम्ही" सुटत नाही आणि काकाही त्याला सूचना दिल्यासारखंच बोलतात. घरचा मान मंचावर येतो. अशा वेळी अध्यक्षांच्या हाती मुद्दाम दुर्री द्यावी. आणि दुसरा सराव: प्रसंग "तुम्ही" ने सुरू करायचा, मध्ये कुठेतरी एकाने "तू" वर यायचं, आणि दुसऱ्याने ते ऐकलं असं न बोलता दाखवायचं. हातातला कागद खाली ठेवणं, अर्धं पाऊल मागे जाणं, बस. यात जमलेल्या जोडीला नंतर संहितेतलं भांडण बसवताना दिग्दर्शकाला फार सांगावं लागत नाही.

वस्तूंशिवाय वस्तू दाखवण्याचा सराव मंडळींना मूकाभिनयाची स्पर्धा वाटतो. तो तसा करू नये. त्याचं खरं काम म्हणजे डोकं पुढच्या वाक्याच्या काळजीतून सोडवणं. चहा करा असं सांगितलं की बहुतेक जण पातेलं ठेवतात, साखर टाकतात, गाळतात आणि तेरा सेकंदांत मोकळे होतात. मग एकेक जागा दाखवून द्यावी लागते. लायटर दाबण्याआधी नॉब दाबून फिरवलेला असतो. पातेलं रिकामं आणि भरलेलं यांत मनगट वेगळं वागतं. आलं किसताना बोटं शेवटच्या तुकड्याला आखडतात. कप धरलेल्या बोटांत कपाएवढं अंतर राहतं, आणि कप ठेवला की ती बोटं आधी उघडतात, मग हात निघतो. हे उघडणं विसरलं की कप हवेत विरघळतो आणि पुढच्या वाक्याला नट त्याच हाताने केस मागे सारतो. ओटा कुठे आहे तेही लक्षात ठेवायचं. दुसरा नट त्याच ओट्यातून चालत गेला की बघणाऱ्यांनी टेबल वाजवायचं. आठवडाभर हे केलं की बोलणं सहज होतं, कारण हाताला काम असलेला माणूस वाक्य "टाकत" नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक पोकळी येते. खेळ छान चाललेले असतात, हसून हसून पुरेवाट होते, आणि नाटकाची तालीम सुरू झाली की तीच माणसं पूर्वीसारखीच ताठ. कारण खेळात काही पणाला लागलेलं नसतं. हा पूल बांधायला पात्रांना खेळात आणावं लागतं. पात्राला खुर्चीत बसवून दहा मिनिटं प्रश्न विचारायचे, उत्तरं पात्र म्हणूनच. "तुझं आयुष्याबद्दल काय मत आहे?" हा वाया गेलेला प्रश्न. "आत्ता खिशात किती पैसे आहेत आणि कुणाचे?" हा कामाचा. "इथे यायच्या आधी तासभर कुठे होतास?" "वहिनीने शेवटचं काय वाढलं होतं?" उत्तर चुकलं तरी चालेल, पण दिलं की ते पक्कं, पुढे बदलायचं नाही. त्यानंतर संहितेत नसलेला प्रसंग करून बघायचा: वाटणीच्या आदल्या रात्री दोघं भाऊ गोठ्यात भेटतात. तो प्रयोगात कधीच दिसणार नसतो. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसताना दोघं एकमेकांकडे ज्या तऱ्हेने बघतात ती संहितेत लिहिता येत नाही.

पाचव्या आठवड्यापासून दशावताराची पद्धत सरळ उचलावी. एका कागदावर आराखडा, संवाद एकही नाही. पाच प्रसंग, मिळून वीस मिनिटं. प्रत्येक प्रसंगापुढे चार गोष्टी: कोण येतं, त्याला काय हवंय, तो जाण्याआधी प्रेक्षकांना काय कळलंच पाहिजे, आणि प्रसंग कुठल्या वाक्यावर संपतो. हे शेवटचं वाक्य अक्षरशः ठरलेलं, कारण त्यावर प्रकाश बदलणार आहे. मधलं सगळं मोकळं. हा आराखडा तीनदा करायचा आणि तिन्ही वेळा पात्रं बदलायची. थोरल्याने धाकटा केला की त्याला पहिल्यांदा कळतं की आपण समोरच्याला बोलायला जागाच देत नव्हतो. जवळ मोबाईल ठेवून आवाज घेतला तर नंतर एकाने तो उतरवून काढावा. उतरवलेलं जसंच्या तसं वापरता येत नाही. बोलताना चांगली वाटलेली अर्धी वाक्यं कागदावर "म्हणजे", "तसं नाही", "अरे पण" एवढीच उरतात. चाळीस ओळींतून दहा-बारा कामाच्या निघाल्या तर तालीम चांगली झाली म्हणायची. पण त्या दहा-बारांत एखादी अशी असते जी घरी टेबलावर बसलेल्या लेखकाला सुचली नसती.

इथेच एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. न ठरवता पहिलं जे तोंडात येतं ते बरेचदा शिळं असतं, आणि कधी कधी घाणेरडं. बायकोवरचा विनोद, जाडेपणा, काळा रंग, बोबडं बोलणं, विदर्भातल्या किंवा कोकणातल्या माणसाचा हेल. मनाच्या वरच्या थरात हेच ठेवलेलं असतं, कारण इतकी वर्षं तेच पाहिलंय. रागावून काही होत नाही, उलट सगळे जपून बोलायला लागतात. "पुन्हा, दुसरं वाक्य" एवढंच म्हणावं आणि तोच क्षण परत खेळायला लावावा. तिसरं वाक्य साधारणपणे त्या पात्राचं असतं. साठा भरायचा उपाय मात्र तालमीबाहेर आहे. एसटी स्टँडवर, रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर ऐकलेली पाच वाक्यं प्रत्येकाने दर आठवड्याला लिहून आणावीत, जशीच्या तशी, अडखळण्यासकट. बोलणाऱ्याचं नाव-गाव लिहू नये.

आता प्रत्यक्ष प्रयोग. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून, आणि हौशी रंगभूमीचा मोठा भाग स्पर्धेच्या वेळापत्रकावर जगतो. तिथे उत्स्फूर्तता हे दुधारी प्रकरण आहे. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र संहितेला घ्यावं लागतं आणि प्रयोग त्या संहितेप्रमाणे व्हावा अशी अपेक्षा असते. म्हणजे तालमीत सापडलेलं जे ठेवायचं ते संहिता पाठवण्याआधी तिच्यात गेलं पाहिजे. त्यासाठी आराखड्याचा सराव आधी आणि संहिता पक्की करणं नंतर, असा क्रम लावावा लागतो. बहुतेक मंडळी उलट करतात आणि मग प्रयोगाच्या आदल्या दिवशी "एक भारी ॲडिशन सुचलीय" असं कुणीतरी म्हणतं. वेळही मोजलेला असतो. पाच ठिकाणी वीस-वीस सेकंदांची भर पडली तर शंभर सेकंद गेले, आणि ते नेमके शेवटच्या प्रसंगातून कापले जातात.

मंचावरची उत्स्फूर्तता राखून ठेवायची ती सावरण्यासाठी. सहकलाकार ब्लँक झाला की नवखा नट दोनपैकी एक करतो: त्याचंही वाक्य स्वतःच म्हणून टाकतो, किंवा डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत राहतो. पहिल्याने तो अधिकच घाबरतो, दुसऱ्याने ते सभागृहाला कळतं. त्याला प्रश्न द्यावा, आणि प्रश्नातच माहिती भरावी. धाकट्याला "मी सही करून आलोय" हे आठवत नाहीये, तर थोरल्याने म्हणावं, "बोटाला शाई कसली लागलीय?" हे जमायला प्रत्येक प्रसंगात प्रेक्षकांना कळायलाच हव्यात अशा तीन गोष्टी सगळ्या नटांना पाठ हव्यात, फक्त आपलं वाक्य पाठ असून भागत नाही. तालमीत हे मुद्दाम बिघडवून शिकवावं. दिग्दर्शकाने टाळी वाजवायची आणि सांगायचं: फोन वाजला नाही. दार उघडत नाही. तलाठी अजून मेकअप करतोय. फेटा पडला. पडलेला फेटा कुणी उचलत नाही ही तर आमच्या लाडक्या चुकांपैकी एक. तीनशे लोक फक्त फेट्याकडे बघत असतात आणि मंचावर सगळे तो नसल्यासारखे वागतात. उचला, झटका, पात्राच्या रागाने किंवा पात्राच्या मायेने डोक्यावर ठेवा आणि पुढे चला. एन्ट्री चुकलेल्या नटासाठी दोघांनी त्याच्याबद्दल बोलावं, त्याच्यावर विनोद करू नये, कारण तो आत आला की त्याला गंभीर वाक्य म्हणायचं असतं.

आणि काहीही झालं तरी क्यूचं, म्हणजे प्रकाश-संगीताला इशारा देणारं, वाक्य जसंच्या तसं म्हणायचं. प्रकाश आणि संगीत चालवणारे दोघे मागे बसून संहितेवर बोट ठेवून चालतात. नटाने दीड पान उडी मारली, छान सावरलं, टाळी मिळाली, पण "कागद आण" हे वाक्य आलंच नाही, तर ब्लॅकआऊट येत नाही. सावरताना वाट कुठूनही काढावी, पोचायचं मात्र त्याच वाक्यावर. हाच नियम दशावतारात पेटीवाल्याला करायच्या खुणेला लागू आहे.

प्रेक्षक हसले की नटाच्या डोक्यात काहीतरी होतं. दुसऱ्या प्रयोगात तो तेच पदरचं, संहितेत नसलेलं वाक्य मुद्दाम म्हणतो, या वेळी हशा अर्धाच येतो, तिसऱ्या प्रयोगात तो आवाज चढवतो. पहिल्या वेळी ते वाक्य समोरच्याच्या वागण्यातून आलेलं असतं, दुसऱ्या वेळी ते आधीच ठरलेलं असतं आणि समोरच्याला त्यासाठी ताटकळत उभं राहावं लागतं. म्हणून विंगेत एक वही ठेवावी. प्रयोग संपल्यावर मेकअप उतरवायच्या आधी दहा मिनिटांत व्यवस्थापकाने लिहून घ्यायचं: कुठल्या प्रसंगात, कुणाचं, कुठलं वाक्य वाढलं, त्याने समोरच्याचं काय अडलं. ठेवायचं की काढायचं हे ज्याने ते म्हटलं त्याने सांगायचं नाही, ज्याच्या समोर म्हटलं गेलं त्याने सांगायचं. स्पर्धेच्या संहितेत नसलेलं असेल तर काढायचं, प्रश्नच नाही. बाहेरगावच्या प्रयोगासाठी जी ठेवली ती वाक्यं निघायच्या आधी एकदा सगळ्यांसमोर म्हणून घ्यायची, लाईटवाल्यासकट.